मोटारीची किंमत आणि तारेची किंमत

विजेवर चालणाऱ्या मोटारीचे पैसे दोन ठिकाणी मोजावे लागतात: एकदा विक्रेत्याच्या दालनात आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या घराच्या भिंतीत. पेट्रोलची मोटार घेणाऱ्याला इंधनाची व्यवस्था उभारावी लागत नाही, कारण टाक्या, पंप आणि नळ्या तेलकंपन्यांनी आधीच उभारलेल्या असतात आणि त्यांचा खर्च प्रत्येक लिटरमागे थोडाथोडा वसूल होत राहतो. विजेच्या मोटारीच्या बाबतीत मात्र घर हाच पंप असतो, आणि त्या पंपाची नळी, म्हणजे मीटरपासून मोटारीपर्यंतची तार, मालकालाच टाकून घ्यावी लागते. जाहिरातीतील आकडा आणि प्रत्यक्षात खिशातून गेलेली रक्कम यांत पडणाऱ्या अंतराचे एक मोठे कारण या तारेत आहे.

नांदेड जिल्ह्यातील लोहा हे तालुक्याचे गाव या विषयासाठी नमुना म्हणून घेण्यासारखे आहे. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर आणि नांदेडमार्गे बुटीबोरीकडे जाणाऱ्या ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर ते वसले असून, नांदेड तेथून ३०-३५ किलोमीटरवर आणि लातूर साधारण १०० किलोमीटरवर आहे. अशा गावात स्वतःचे घर आणि समोर अंगण असणे सामान्य आहे, त्यामुळे महानगरातील गृहसंकुलांत वाहनतळावरून होणारे वाद येथे सहसा उद्भवत नाहीत. उलट जुनी वायरिंग, उन्हाळ्यात उतरणारा व्होल्टेज आणि कोरडी पडणारी अर्थिंग हे प्रश्न येथे अधिक महत्त्वाचे ठरतात.

दालनातील हिशेब

मोटारीची जी किंमत छापून येते तिला ‘एक्स-शोरूम’ किंमत म्हणतात. तीत वस्तू व सेवा कर धरलेला असतो, परंतु विमा, नोंदणी आणि इतर आकार धरलेले नसतात. ते सर्व मिळवून होणाऱ्या रकमेला ‘ऑन-रोड’ किंमत असे नाव आहे. विजेच्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला आणि त्याच वेळी चार्जरवरील करही १८ वरून ५ टक्के करण्यात आला. रस्ते वाहतूक मंत्रालयाने २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क माफ केले, आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने, ज्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे, मोटार वाहन कराची सवलत पुढे चालू ठेवली. या सवलतीचे मोल समजण्यासाठी एवढेच लक्षात घ्यावे, की १२ लाख रुपयांच्या पेट्रोल मोटारीवर महाराष्ट्रात १२ टक्के दराने, म्हणजे १ लाख ४४ हजार रुपये एकरकमी कर भरावा लागतो.

मात्र करमाफी झाली म्हणून वरचा खर्च संपत नाही. विक्रीमूल्य १० लाखांहून अधिक असल्यास विक्रेता १ टक्का रक्कम आयकर म्हणून जमा करून घेतो; हा ‘उगमस्थानी गोळा केलेला कर’ असून आयकर विवरणपत्र भरल्यावर तो देय करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण खरेदीच्या दिवशी हाती रोख असावी लागते. दुसरा सक्तीचा खर्च विम्याचा. नव्या मोटारीला त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या झालेल्या हानीची भरपाई करणारा, विमा एकदम तीन वर्षांसाठी घ्यावा लागतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार विजेच्या खासगी मोटारीला या तीन वर्षांसाठी मोटरची क्षमता ३० किलोवॉटपर्यंत असल्यास ५,५४३ रुपये, ३० ते ६५ किलोवॉट असल्यास ९,०४४ रुपये आणि त्याहून अधिक असल्यास २०,९०७ रुपये असा हप्ता ठरला, आणि त्यावर कर वेगळा. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा याहून निराळा असतो, आणि तो घेताना बॅटरीत पाणी शिरणे, विजेच्या दाबातील चढउतार आणि चार्जरची चोरी यांना संरक्षण आहे की नाही हे वाचून घेणे आवश्यक ठरते, कारण या मोटारीतील सर्वांत महाग भाग बॅटरी हाच असतो.

याशिवाय कोटेशनमध्ये वाढीव हमी, पायपुसण्यांपासून कव्हरपर्यंतच्या ‘ॲक्सेसरीज’, ‘हँडलिंग’ आकार अशा ओळी येतात. यांपैकी काही उपयोगी असू शकतात, पण कायद्याने सक्तीची त्यांतील एकही नाही. विमाही त्याच दालनातून घेतला पाहिजे असे बंधन नाही. अनुदानाविषयीही गैरसमज आढळतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेली केंद्र सरकारची पीएम ई-ड्राइव्ह योजना दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, ट्रक आणि बस यांच्यासाठी असून खासगी मोटारीला तीत स्थान नाही. विजेच्या मोटारीच्या कर्जावरील व्याजाला आयकरात दीड लाखांपर्यंत वजावट देणारे कलमही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतेच होते.

कोटेशनमधील सर्वांत महत्त्वाची ओळ चार्जरची असते. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटा टियागो ईव्ही बाजारात आली तेव्हा ७.२ किलोवॉटचा घरगुती चार्जर हवा असल्यास ५० हजार रुपये जास्त द्यावे लागत होते. २०२५ च्या आरंभी महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या मोटारींच्या किमती जाहीर केल्या, त्याही चार्जर वगळून, ७.२ किलोवॉटच्या चार्जरसाठी ५० हजार आणि ११.२ किलोवॉटच्या चार्जरसाठी ७५ हजार रुपये असा वेगळा आकार होता. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमजी विंडसरने तर बॅटरीच किमतीतून बाजूला काढली आणि ९ लाख ९९ हजार रुपये अधिक प्रत्येक किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीभाडे असा पर्याय ठेवला. छापील किमतीत काय आहे आणि काय नाही, हे लेखी विचारल्याशिवाय दोन मोटारींची तुलना होऊच शकत नाही, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

चार्जर कोणता आणि केबल कोणती

बोलीभाषेत ज्याला चार्जर म्हणतात तो बहुतेक वेळा चार्जर नसतोच. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांनी दिशा बदलणारी असते, तर बॅटरीत साठवण होते ती एकाच दिशेने वाहणाऱ्या दिष्ट विजेने. हे रूपांतर करणारे यंत्र मोटारीच्या आतच बसवलेले असते आणि खऱ्या अर्थाने तोच चार्जर होय. भिंतीवरची पेटी किंवा केबलच्या मधोमध असणारा डबा हे काम करत नाहीत. अर्थिंग तपासणे, मोटारीला किती प्रवाह घेण्याची मुभा आहे ते सांगणे आणि गळती आढळताच वीज तोडणे, एवढीच त्यांची कामगिरी असते. म्हणून मोटारीतील रूपांतरक ३.३ किलोवॉटचा असेल, तर भिंतीवर ७.२ किलोवॉटची पेटी बसवली तरी मोटार ३.३ किलोवॉटनेच भरेल, आणि पेटीवरचा जास्तीचा खर्च वाया जाईल. विक्रेत्याला विचारण्याचा पहिला प्रश्न म्हणूनच मोटारीच्या आतील चार्जरच्या क्षमतेचा असावा.

जलद भरणीच्या केंद्रावर रूपांतराचे काम बाहेरच होते आणि दिष्ट वीज थेट बॅटरीत जाते, यामुळे तेथे तासांचे काम मिनिटांवर येते. या केंद्रांची जाड केबल केंद्रालाच जोडलेली असल्याने मालकाला ती बाळगावी लागत नाही.

मालकाच्या वाट्याला येणाऱ्या केबली साधारणपणे तीन प्रकारच्या आहेत. पहिली ‘पोर्टेबल’ केबल: एका टोकाला मोठ्या पिनांचा, म्हणजे १५ किंवा १६ अँपिअरचा पॉवर प्लग, मध्ये नियंत्रणाचा डबा आणि दुसऱ्या टोकाला मोटारीत बसणारी जोडणी. ती सुमारे ३.३ किलोवॉटपर्यंत वीज देते आणि पुष्कळ मोटारींसोबत मिळते, पण ती किमतीत धरलेली आहे की नाही याची खातरजमा करावी लागते. दुसरी, भिंतीवरच्या पेटीला जोडलेली केबल; तिच्यातून एका फेजवर ७.२ किलोवॉटच्या आसपास आणि तीन फेजवर ११ किलोवॉट वीज घेता येते. तिसरी केबल दोन्ही टोकांना सारख्या जातीची जोडणी असलेली, आणि काही सार्वजनिक केंद्रांवर केबलऐवजी केवळ सॉकेट असते तेथे तिचा उपयोग होतो. बहुतेक वेळा ती वेगळी विकत घ्यावी लागते, आणि ज्याचा प्रवास घर ते कार्यालय एवढाच आहे त्याला तिची गरज पडत नाही.

भारतात सध्या विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारींना घरगुती भरणीसाठी ‘टाइप २’ आणि जलद भरणीसाठी ‘सीसीएस २’ ही जोडणी असते. टाइप २ मध्ये सात पिना असतात: तीन फेजच्या, एक न्यूट्रलची, एक अर्थिंगची आणि दोन संदेशाच्या. सीसीएस २ म्हणजे याच जोडणीखाली दिष्ट विजेसाठी जोडलेल्या दोन जाड पिना. काही लहान मोटारींना या खालच्या दोन पिनांची सोय नसते, आणि त्या जलद केंद्रावर भरता येत नाहीत. २०१७ मधील ‘भारत डीसी-००१’ मानकाची जोडणी, जी ई-व्हेरिटोसारख्या आरंभीच्या मोटारींना होती, आजच्या केंद्रांवरील सीसीएस २ शी जुळत नाही. जुनी मोटार घेणाऱ्याने ही गोष्ट आधी पाहावी.

संदेशाच्या दोन पिनांचे कार्य मोठे चातुर्याचे आहे. त्यांतील एका पिनेवरून सेकंदाला एक हजार स्पंदनांचा मंद संकेत मोटारीकडे जात राहतो आणि प्रत्येक स्पंदनाचा किती भाग ‘चालू’ आहे यावरून मोटारीला परवानगी कळते: १० टक्के असल्यास ६ अँपिअर, ५० टक्के असल्यास ३० अँपिअर. दुसऱ्या पिनेपाशी एक छोटा रोधक असतो आणि त्याच्या मूल्यावरून केबलची जाडी ओळखली जाते. ६८० ओहम म्हणजे २० अँपिअरची केबल, २२० ओहम म्हणजे ३२ अँपिअरची. ही विचारपूस पूर्ण होईपर्यंत केबलच्या टोकाला वीज येतच नाही. हा संकेत सदोष असलेली निकृष्ट केबल स्वस्तात मिळाली, तर मोटार केबलच्या कुवतीपेक्षा अधिक प्रवाह ओढू शकते. म्हणून भारतीय मानक आयएस १७०१७ नुसार तपासलेल्या केबलवरच पैसे घालावेत.

भिंतीतील तार

केबल कितीही चांगली असली तरी ती लावायची असते भिंतीतल्या प्लगमध्ये, आणि खरी परीक्षा तेथेच होते. ३.३ किलोवॉट म्हणजे जवळजवळ साडेचार अश्वशक्ती. शेतातल्या पाच एचपीच्या मोटारपंपाला लागते साधारण तेवढी वीज घरातल्या एका प्लगमधून घ्यायची आहे, आणि ७.२ किलोवॉटचा चार्जर म्हणजे जवळपास दहा एचपी. घरात इतर जड उपकरणे नसतात असे नाही, पण दोन किलोवॉटचा गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, मोटार मात्र तासन्‌तास सलग प्रवाह घेत राहते. शिवाय तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गिझर ९ अँपिअरच्या आसपास घेतो आणि मोटार १४ अँपिअर, म्हणजे उष्णता सुमारे अडीच पट. ज्या प्लगवर गिझर वर्षानुवर्षे चालला तोच प्लग मोटारीने पहिल्या महिन्यात काळवंडतो, याचे कारण हे आहे.

तारेच्या जाडीचा प्रश्न आकड्यांनी अधिक स्पष्ट होतो. मीटरपासून अंगणापर्यंत वीस मीटर अंतर असेल तर जाण्यायेण्याची मिळून चाळीस मीटर तांब्याची तार लागते. ती एक चौरस मिलिमीटर जाडीची असल्यास १५ अँपिअर प्रवाहाला सुमारे दहा व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि दीडशेहून अधिक वॉट उष्णता भिंतीत सतत निर्माण होते. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची असल्यास ही हानी ६० वॉटच्या आसपास उतरते. वायरमन ज्याला ‘अडीचची’ किंवा ‘चारची’ वायर म्हणतात ती १५ अँपिअरसाठी आणि ‘सहाची’ ३२ अँपिअरसाठी, असा साधा नियम धरावा. ही तार मीटरच्या बोर्डापासून थेट आणि स्वतंत्र आणलेली असावी, तिला तिचा एमसीबी असावा आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारी आरसीसीबी असावी. एक्स्टेंशन बोर्ड लावून खिडकीतून काढलेली तार हा मार्ग कोणत्याही सबबीवर स्वीकारू नये. केबलची वेटोळी तशीच ठेवून चार्जिंग लावल्यास उष्णता कोंडते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर केबल पूर्ण उलगडलेली आणि सावलीत असणे आवश्यकच ठरते.

अर्थिंगचा विषय या भागात विशेष विचार मागतो. अर्थिंग म्हणजे गळालेल्या विजेला जमिनीत जाण्यासाठी दिलेली सोपी वाट, आणि ती वाट किती सोपी हे जमिनीतील ओलाव्यावर अवलंबून असते. लोहा-कंधारच्या परिसरात वर काळी माती आणि खाली बेसाल्टचा खडक आहे. पावसाळ्यात ओल धरणारी ही माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या नळीपासून सुटते आणि रोध वाढतो. केबलमधील डबा हा रोध तपासतो आणि तो मर्यादेबाहेर गेल्यास चार्जिंग सुरूच करत नाही. पुष्कळदा बिघाड मोटारीत आहे असे समजून तिची तक्रार नोंदवली जाते, आणि दोष निघतो तो परसातल्या कोरड्या खड्ड्यात. मीठ-कोळशाच्या खड्ड्याला उन्हाळ्यात नियमित पाणी घालणे, किंवा नव्या पद्धतीची रासायनिक अर्थिंग करून घेणे, हा खर्च चार्जरच्या किमतीपुढे थोडा आणि जिवाच्या किमतीपुढे काहीच नाही. बैल गेल्यावर झोपा करण्याची म्हण या बाबतीत शब्दशः लागू पडते. वायरिंग आणि अर्थिंग यांची तपासणी मोटार दारात येण्यापूर्वीच झाली पाहिजे.

व्होल्टेजचाही हिशेब ठेवावा लागतो. शक्ती म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार. २३० व्होल्टला १४ अँपिअरने ३.२ किलोवॉट मिळतात, पण तोच पुरवठा संध्याकाळी १८० व्होल्टपर्यंत उतरला तर अडीच किलोवॉटच मिळतात, म्हणजे आठ तासांच्या भरणीला दहा तास लागतात. मध्यरात्रीनंतर गावाचा भार उतरतो, आणि मोटारीत वेळ ठरवून देण्याची सोय असल्यास तीच वेळ निवडणे हिताचे ठरते.

मीटर आणि महिन्याचे बिल

घरगुती जोडणीवर स्वतःची मोटार भरण्यास कोणताही परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. मात्र महावितरणकडे नोंदलेला ‘मंजूर भार’, म्हणजे घराला एका वेळी घेता येणारी वीज, पुरेसा आहे की नाही हे बिलावर पाहून घ्यावे आणि कमी असल्यास वाढवून घ्यावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार मोटार भरण्यासाठी वेगळी जोडणीही मागता येते, आणि नवी जोडणी देण्याची मुदत नगरपालिका क्षेत्रात सात दिवस व ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी कमी करण्यात आली आहे. शेतातल्या पंपाच्या जोडणीवर मोटार भरणे मात्र कटाक्षाने टाळावे. वीज अधिनियम २००३ च्या कलम १२६ नुसार मंजूर कारणाव्यतिरिक्त केलेला वापर अनधिकृत ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

लोह्याहून नांदेडला रोज ये-जा करणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. दिवसाला ७० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरल्यास १,७५० किलोमीटर होतात. एका युनिटला सात किलोमीटर या मध्यम हिशेबाने बॅटरीतून २५० युनिट लागतात, आणि रूपांतरातील घट धरून मीटरवर २८० च्या आसपास नोंदले जातात. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. जे घर आजवर ९० युनिटांवर भागवत होते ते आता ३७० युनिटांवर जाईल आणि वाढलेल्या विजेचा बराचसा भाग वरच्या दराने मोजावा लागेल. म्हणून बचतीचा हिशेब जुन्या बिलातील दराने न करता या वरच्या टप्प्यांच्या दराने केला पाहिजे. तरीही तो पेट्रोलपेक्षा कमीच येतो. छतावर सौर पॅनेल बसवल्यास तर हा टप्पाच खाली उतरतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटपर्यंतच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि मराठवाड्याच्या उन्हात एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो.

याच उदाहरणातून चार्जरच्या प्रश्नाचे उत्तरही मिळते. रोजच्या ७० किलोमीटरसाठी मीटरवरून ११ युनिट लागतात, आणि ३.३ किलोवॉटची साधी पोर्टेबल केबल ते साडेतीन तासांत भरून देते. रात्र आठ तासांची असताना ७.२ किलोवॉटच्या पेटीवर ५० हजार रुपये घालण्याचे कारण अशा कुटुंबाला उरत नाही. ज्यांची बॅटरी ४५ युनिटांहून मोठी आहे आणि जी रोज जवळजवळ रिकामी होते, ज्यांच्या घरी दोन मोटारी आहेत, किंवा जेथे वीज रात्री मोजकेच तास टिकते, त्यांच्यासाठी मात्र मोठा चार्जर हा रास्त खर्च आहे.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावर विकत घेणारा शेतकरी केवळ त्याच्या किमतीवर सौदा करत नाही. घरी गोठा आहे का, दावण पक्की आहे का, वैरण पुरेल का, हे तो आधी मनाशी ठरवून आलेला असतो. लोहा तालुक्यातल्या त्या यात्रेचे हे व्यवहारज्ञान विजेच्या मोटारीलाही तंतोतंत लागू आहे. नवी मोटार घेणाऱ्याने प्रथम जाणकार वायरमनकडून मीटर, वायर आणि अर्थिंग तपासून घ्यावी, मग मोटारीतील चार्जरची क्षमता आणि सोबत मिळणाऱ्या केबली यांची लेखी नोंद विक्रेत्याकडून मागावी, आणि त्यानंतरच बयाणा द्यावा. हातात मर्यादित पैसे असतील तर ते मोठ्या चार्जरवर न घालता आधी चांगल्या तारेवर घालावेत. मोटार काही वर्षांनी बदलेल, पण भिंतीत घातलेली चांगली तार पुढच्या मोटारीलाही उपयोगी पडेल.